मला बाईंनी घरी वाचायला नेलं

आमच्या वाचनालय आणि कलाकेंद्राच्या दारात एक काळा फळा आहे. त्यावर 'आगामी उपक्रम' हे दोन शब्द तैलरंगात कायमचे लिहिलेले आहेत आणि त्यांच्याखाली दर महिन्याला खडूने काहीतरी नवं संकट येतं. मला त्या फळ्याची भीती वाटते. हसू नका. आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी जलरंगाच्या वर्गात सहज डोकावून "छान आहे हं निळा रंग" एवढंच म्हटलं होतं. पुढच्या महिन्यात ते 'प्रमुख मार्गदर्शक' म्हणून फळ्यावर होते. त्या उपक्रमात त्यांचे तीन सदरे गेले आणि एक अशील गेलं. तेव्हापासून मी पुस्तक बदलायला बाजूच्या दाराने जातो आणि कोणाच्याही नजरेला नजर देत नाही.

पण दार बाजूचं असून उपयोग काय? बायको पुढच्या दाराने जाते. ती तिथे मातीकाम शिकते. आमच्या घरात सध्या एकही भांडं सपाट जागेवर सरळ उभं राहत नाही, पण तो विषय मी घरात काढत नाही.

तर एका संध्याकाळी ती हात पुसत म्हणाली, "पुढच्या रविवारी 'जिवंत पुस्तक' आहे. माणसंच पुस्तकं होणार. खुर्चीवर बसायचं, वाचक येणार, आपल्याला निवडणार, कोपऱ्यात घेऊन जाणार आणि आपण आपला अनुभव सांगायचा. मी तुमचं नाव दिलंय."

माझ्या हातातला कप बशीवर वाजायला लागला.

"माझं? मला कसला अनुभव आहे? मी पाणीपुरवठ्यात मीटरच्या टेबलावर बसतो."

"भीतीचा," ती म्हणाली. "या विषयावर गावात तुमच्याइतका अभ्यास कोणाचा आहे?"

आता हे खरं आहे. मला लिफ्टची भीती वाटते. दुपारी वाजणाऱ्या फोनची वाटते, कारण चांगली बातमी द्यायला दुपारी कोण फोन करतं? बंद पाकिटाची वाटते, स्टुलावर चढून ट्यूबलाइट बदलायची वाटते, कुकरची तर शिट्टी व्हायच्या आधीपासून वाटते. दाराची बेल वाजली की मी उडतो, आणि मीच कोणालातरी बोलावलेलं असलं तरी उडतो. गल्लीत मला दचकू म्हणतात. लहान मुलं दचकूकाका म्हणतात. बायकोच्या मते त्यात प्रेम आहे. असेलही. पण म्हणून ते फळ्यावर लिहायचं?

लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, तर कुंभाराचं चाक, बुद्धिबळ आणि बासरीवादन यांच्या खाली, एका ट्रकचालकाच्या आणि वीज अंगावर पडून वाचलेल्या एका गृहस्थांच्या शेजारी मी होतो. 'भय : प्रकार आणि अनुभव.'

आमचे ग्रंथपाल नियमांवर जगतात. जेवण ते केवळ चवीपुरतं घेत असावेत. त्यांनी मला रविवारी सकाळी टेबलासमोर उभं केलं आणि एखादं पुस्तक दाखल करून घ्यावं तसं दाखल करून घेतलं. "पानं किती?" त्यांनी विचारलं. मला कळेना, म्हणून मी वय सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग मला बाजूने पाहून म्हणाले, "बांधणी मधे थोडी सुटलीय." मी पोट आत घेतलं. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट पकडलं आणि वाचनालयाचा गोल शिक्का दाणकन त्यावर मारला.

"अहो, हे काय?"

"शिक्का नसेल तर ते पुस्तक वाचनालयाचं नाही."

"ही शाई जाते ना पण?"

"छे! उत्तम शाई आहे," ते अभिमानाने म्हणाले. "आजोबांच्या वेळच्या पुस्तकांवरसुद्धा अजून दिसते."

मग गळ्यात पाटी अडकवून मला कलादालनात एका खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर बसल्याबसल्या मला दोन भीत्या एकदम वाटू लागल्या. एक म्हणजे मला कोणीतरी घेईल. दुसरी म्हणजे मला कोणीच घेणार नाही. दुसरी जास्त वाईट होती, कारण जे पुस्तक कोणी नेत नाही त्याचं आमच्याकडे काय होतं ते मला माहीत आहे. जिन्याखाली एक खोकं आहे. त्यावर 'निकाली' असं लिहिलंय.

विजेच्या गृहस्थांपुढे रांग लागली. ट्रकचालकाला तर दोघांनी मिळून नेलं. माझ्याकडे एक बाई आल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ही खुर्ची रिकामी आहे का?" मी म्हटलं, "नाही, मी आहे." त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि शेजारची उचलून घेऊन गेल्या. मग एकाने मला बासरीवाल्यांची खोली विचारली. माझ्या ऑफिसातला एक जण आला, पाटी वाचली, "हे मी वाचलंय" म्हणाला आणि पुढे गेला. वाईट वाटलं हो. घाबरट असलो तरी माणूस आहे मी, माझाही काही मान आहे.

आणि मग दालनात एकदम शांतता पसरली.

अशी शांतता आमच्या गावात एकाच व्यक्तीमुळे पसरते. त्या म्हणजे मोठ्या बाई. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते त्यांनी आम्हाला कधी जाणवू दिलं नाही. गावातले अर्धे लोक त्यांच्या हाताखालून गेले आहेत आणि उरलेले अर्धे त्या लोकांशी लग्न करून गावात आले आहेत. बाईंनी कधी कोणावर हात उगारला नाही. नुसत्या बघायच्या. बँकेचे मॅनेजर अजून त्यांना पाहून शर्टाचं वरचं बटण लावतात.

अलीकडे मात्र त्यांना बघायलाच त्रास होत होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोज वाचनालयात येऊन हातात भिंग धरून वाचायच्या, त्यातही आता ओळ चुकत होती. ऑपरेशनची तारीख तीनदा ठरली आणि तीनदा पुढे गेली. पहिल्यांदा घराला रंग काढायचा होता म्हणून. दुसऱ्यांदा पाहुणे येणार होते म्हणून. पाहुणे काही आले नाहीत. तिसऱ्यांदा कारणच नव्हतं आणि ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. डोळ्यांचे डॉक्टर सगळ्यांना सांगत होते की आता आणखी थांबलं तर अवघड होईल. सगळ्यांना सांगत होते, कारण बाईंना सांगायला तेही धजत नव्हते. तेसुद्धा बाईंचेच विद्यार्थी.

बाई थेट माझ्यापुढे आल्या. भिंग माझ्या गळ्यातल्या पाटीला टेकवलं आणि एकेक अक्षर वाचलं. मग भिंग वर आलं. भिंगामागे बाईंचा एक डोळा एवढा मोठा झाला की माझी बोबडीच वळली.

"नखं अजून खातोस?"

"नाही बाई," मी म्हटलं आणि हात मांड्यांखाली सरकवले.

"हे द्या मला," बाई ग्रंथपालांना म्हणाल्या.

"अवश्य. कोपऱ्यातल्या टेबलावर अर्धा तास..."

"इथे नाही. घरी नेणार आहे."

ग्रंथपाल गोंधळले. मी तर गोंधळायच्याही पलीकडे गेलो. बाईंनी काठी भिंतीवरच्या नियमावलीकडे केली. "नियम क्रमांक आठ. वाचा मोठ्याने."

ग्रंथपालांनी वाचलं, "सभासदास एक पुस्तक सात दिवसांसाठी घरी नेता येईल. संदर्भग्रंथ, शब्दकोश व मासिकांचे चालू अंक वगळून."

"हे दाखल झालेलं आहे?"

"झालंय," ग्रंथपाल माझ्या मनगटाकडे बघत म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. त्यांना स्वतःचाच शिक्का भोवला होता.

अध्यक्षांना बोलावलं. अध्यक्ष म्हणजे समंजस माणूस, औषधांचं दुकान चालवतात. ते म्हणाले, काहीतरी मार्ग काढू, याला संदर्भग्रंथ म्हणू या.

"याला?" ग्रंथपाल म्हणाले. "याचा संदर्भ कोण घेणार?"

"मग शब्दकोश?"

"मघापासून 'नाही बाई' सोडून शब्द निघाला नाहीये."

"चालू अंक?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायची कोणालाच गरज वाटली नाही. नियम बदलायचा तर सर्वसाधारण सभा हवी आणि ती वर्षाच्या शेवटी होते. ग्रंथपालांनी माझ्या पाटीला मुदतीची चिठ्ठी टाचली, तारखेचा शिक्का मारला आणि मला बाईंच्या स्वाधीन केलं. "पावसात भिजवू नका," असंही बाईंना सांगितलं. हे मात्र मला बरं वाटलं.

घरी ही बातमी गेली तेव्हा बायको रडेल, निदान भांडेल, अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, "आठवडाभर? मग टॉवेल वेगळा न्या." नंतर तिला माझा चेहरा दिसला असावा, कारण ती पदर खोचून बाईंकडे गेली आणि तहाची बोलणी करून आली. बाईंना दिवे लागल्यावर वाचवत नाही, सबब त्या वेळी पुस्तक कपाटात ठेवायचं, आणि कपाट आमच्या घरी. म्हणजे सकाळी जायचं, संध्याकाळी परत. वकीलसाहेबांनाही हे कळलं होतं. ते जिन्यातच उभे होते. "सही केलीत का कुठे?" त्यांनी हळूच विचारलं. मी मनगट दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून शिक्का पाहिला आणि "अरेरे" म्हणाले. वकिलाने 'अरेरे' म्हटलं की माणसाने काय समजायचं?

ऑफिसात वेगळीच तऱ्हा. साहेबांनी रजेचा अर्ज वाचला आणि विचारलं, "ही रजा कोणत्या सदरात टाकू? आजारपण नाही, घरगुती नाही. तुम्ही नेमके कुठे असणार?" मी म्हटलं, "मोठ्या बाईंकडे." साहेबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मुकाट्याने सही केली.

सोमवारी सकाळी मी बाईंच्या दारात उभा राहिलो. बेल वाजवली आणि ती मीच वाजवलेली असूनही दचकलो.

बाईंचं घर लहान आणि लख्ख. भिंतीभर पुस्तकं, सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं. खिडकीजवळ एक टेबल, दोन खुर्च्या. दाराशी एक छोटी प्रवासी बॅग ठेवली होती. बंद, कुलूप लावलेली, आणि त्या सगळ्या लख्ख घरात धूळ होती ती फक्त त्या बॅगेवर. बाई एवढी एकच वस्तू पुसत नव्हत्या.

"बस," बाई म्हणाल्या. "अनुक्रमणिका सांग."

मी लिफ्टपासून सुरुवात केली. मला वाटलं होतं, त्या हसतील, नाहीतर "यात घाबरण्यासारखं काय आहे?" म्हणतील. सगळे तेच म्हणतात. त्या मात्र मान किंचित पुढे करून ऐकत राहिल्या, आणि मग प्रश्न सुरू झाले.

"आधी पोटात होतं की हातापायांत?"

"आधी पोटात. मग गुडघे."

"तोंड कोरडं पडतं?"

"हो बाई. म्हणून मी आधीच पाणी पिऊन घेतो. नंतर भांडं हातात धरवत नाही."

"समोरच्याला कळतं?"

"माझं कळतं. पण मला लपवायची सवय नाही. लपवायला गेलं की दुप्पट होतं."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "पुन्हा सांग हे," म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी कुठलंही वाक्य पुन्हा सांगायला लावलं नव्हतं. शाळेत लावलं होतं, पण ते चुकलं म्हणून.

मग मला जरा जोर चढला. मी त्यांना माझ्या युक्त्या सांगितल्या. दात काढायला गेलो की खुर्चीत बसण्याआधीच डॉक्टरांना सांगून टाकायचं, मी घाबरतो. मग ते हळू करतात. पायात जुन्या, सवयीच्या चपला घालायच्या. पळून जायचं ठरलंच तर नव्या चावतात. आपलं माणूस बरोबर न्यायचं आणि त्याने समजूत घालायची नाही, अशी आधी ताकीद द्यायची. 'काही होत नाही' असं म्हणणारा माणूस जवळ असला की आपल्याला होतं ते आपल्या एकट्यालाच होतंय असं वाटतं.

"आणि ऑपरेशन असेल तर?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी नेहमीचा होता, पण हातातलं भिंग टेबलावर टकटक वाजत होतं.

मी त्या भिंगाकडे पाहिलं. मग दाराशी असलेल्या बॅगेकडे पाहिलं. मी मंद आहे, मान्य. पण या एका विषयात मला समोरच्या माणसाचं लगेच ओळखू येतं.

"बाई," मी म्हटलं, "तुम्हाला भीती वाटते?"

असा प्रश्न मी विचारला! मोठ्या बाईंना! विचारल्यावर माझीच पाचावर धारण बसली. आता बाकावर उभं राहावं लागणार म्हणून मी खोलीत बाक कुठे आहे तेही पाहून घेतलं.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "आयुष्यभर मी पोरांना सांगितलं, घाबरायचं नाही. कसं घाबरायचं नाही, ते कोणाला सांगितलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं. गरजच पडली नव्हती मला. आता म्हातारपणी एकदम पडली." त्यांनी कपाटाकडे हात केला. "ही सगळी पुस्तकं चाळली. घाबरू नका असं सांगणारी ढीगभर आहेत. घाबरलेल्या माणसाने काय करायचं, ते कोणी सांगत नाही. तुझी पाटी पाहिली आणि म्हटलं, हे घरी न्यायला हवं. दालनात सगळ्यांसमोर काय विचारणार होते मी?"

"मग डॉक्टरांना सांगून टाका ना. ते हळू करतील."

"त्याला?" बाई ताठ झाल्या. "त्याला मी तासन्‌तास बाकावर उभं केलंय. तो वरून बघणार आणि मी टेबलावर आडवी पडून लटलट कापणार? ती नर्स माझी विद्यार्थिनी. दारावरचा माणूस माझा विद्यार्थी. संध्याकाळपर्यंत गावभर होईल, मोठ्या बाई घाबरल्या. नाही. त्यापेक्षा नाही दिसलं तरी चालेल."

ही गोष्ट थट्टेची नव्हती. ही बाई वाचल्याशिवाय जगू शकत नव्हती आणि घाबरलेलं दिसण्यापेक्षा आंधळं व्हायला तयार होती. मी खरंच घाबरलो. माझ्या नेहमीच्या भीतीसारखं नव्हतं ते. या भीतीत मला पळून जावंसं वाटेना, हे मला फार विचित्र वाटलं.

"मी येतो बरोबर," मी बोलून गेलो. बोललो आणि मग मला आठवलं की मला दवाखान्याच्या वासानेच गरगरतं.

"आणि हे बाहेर कळता कामा नये," बाई म्हणाल्या.

"पुस्तक वाचकाबद्दल बाहेर बोलत नाही, बाई," मी म्हटलं. कुठून सुचलं देव जाणे.

बुधवारची तारीख घेतली. बाईंनी त्या दिवशी जुन्या चपला घातल्या आणि आधी पाणी प्यायलं. बॅगेवरची धूळ मी पुसली. रिक्षात मी मनात 'काही होत नाही' असं म्हणत होतो आणि माझं माझ्यावर काडीचा परिणाम होत नव्हता.

दवाखान्यात शिरलो आणि तो वास आला. गुडघ्यांनी लगेच ओळख दिली. डॉक्टर स्वतः बाहेर आले. मला बाजूला घेऊन कानाशी लागले, "बाई चिडल्यात का? खरं सांगा. काल रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही." म्हणजे तेही! मी म्हटलं, "तुम्ही हळू करा." ते म्हणाले, "मी तर हळूच करणार हो, त्या काय करतील?"

मग नर्स थेंब टाकायची बाटली घेऊन आली, आणि बाईंचा हात हलायला लागला. आधी बोटं, मग मनगट. त्यांनी तो पदराखाली घेतला तर पदर हलायला लागला. बाकावर बसलेली माणसं बघत होती. दारावरचा माणूस बघत होता. बाईंनी एकदम माझं शिक्क्याचं मनगट घट्ट पकडलं आणि माझ्या लक्षात आलं की आता त्या उलट्या पावली परत फिरणार. बॅग उचलणार, काहीतरी कारण सांगणार, आणि मग पुन्हा कधीच येणार नाहीत.

मी काहीतरी करायला हवं होतं. एखाद्या धीराच्या माणसाने केलंही असतं. मी नर्सच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं, बाटलीच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबाकडे पाहिलं, आणि डोक्यापासून पायापर्यंत कापायला लागलो. मुद्दाम नाही. शपथेवर सांगतो, अगदी मनापासून. दातावर दात वाजायला लागले. नर्स ओरडली, "अहो काका! यांना धरा, यांना धरा कोणीतरी!"

चाकाची खुर्ची आली. मला तिच्यात घातलं. दंडाला पट्टा गुंडाळला. एकाने पाणी आणलं, एकाने वर्तमानपत्राने वारा घातला. "आज यांचं ऑपरेशन आहे का?" एका म्हातारबुवांनी विचारलं. "नाही, ते नुसते बरोबर आलेत," दारावरचा माणूस म्हणाला, आणि सगळा बाक फिदीफिदी हसला. या सगळ्यात बाई माझ्या मागे उभ्या होत्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून. तो हात थरथरत होता. जोरात थरथरत होता. आणि बघणाऱ्या सगळ्यांना वाटत होतं की खांदाच थरथरतोय.

बाई माझ्या कानाशी वाकल्या. "असाच राहा."

"बाई, मी मुद्दाम करत नाहीये हो."

"ठाऊक आहे. म्हणूनच म्हणते."

मग त्या नर्सला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "टाक थेंब, उभ्यानेच टाक. आणि याच्याकडे लक्ष ठेव, फार घाबरतो बिचारा." असं म्हणून सरळ चालत आत गेल्या. दार बंद झालं. माझी कापरं त्यानंतरही बराच वेळ चालू होती, कारण ती थांबवायची कशी हे मला कधीच माहीत नव्हतं.

ऑपरेशन छान झालं. बाई डोळ्याला हिरवं फडकं लावून बाहेर आल्या आणि मला त्याच खुर्चीतून रिक्षापर्यंत ढकलत नेण्याचा हुकूम सोडून पुढे निघाल्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बाईंचं नव्हे, माझं. दुसऱ्याच्या ऑपरेशनला चक्कर येऊन चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस म्हणून मी प्रसिद्ध झालो. वकीलसाहेबांनी जिन्यात माझा हात धरून मला तीन पायऱ्या उतरवलं. ऑफिसातल्याने फोन करून "दुसरी आवृत्ती कधी?" असं विचारलं. बायकोने एवढंच म्हटलं, "अहो, निदान बाईंच्या देखत तरी..." आणि पुढे काही बोलली नाही. तेच सगळ्यांत जास्त लागलं. मला तिला सांगता आलं असतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडायचीही मला भीतीच वाटते. बायकोने केलेल्या एका कलत्या भांड्यातून मी मुकाट्याने चहा प्यायलो.

रविवारी मुदत संपली. बाई काळा चष्मा लावून मला परत करायला घेऊन आल्या. वाचनालयात रविवारची गर्दी होती. वर्तमानपत्रांच्या टेबलावर आमचे साहेब, त्यांच्या शेजारी वकीलसाहेब. अध्यक्ष होते. पलीकडच्या दारात हाताला माती लागलेली माझी बायको होती. मला पाहून दोघातिघांनी पेपर तोंडापुढे धरले. पेपर हलत होते, म्हणजे मागे हसू चालू होतं.

ग्रंथपालांनी मला फिरवून पाहिलं. "सुस्थितीत आहे ना? दवाखान्यात जरा इजा झाल्याचं ऐकलं." पेपर आणखी हलले. मी जमिनीकडे पाहत होतो. त्या क्षणी मला जिन्याखालच्या खोक्यात टाकलं असतं तरी मी कुरकुर केली नसती.

"वाचून झालं, बाई?"

"एका डोळ्याने झालं," बाई म्हणाल्या. "दुसरा डोळा पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा मला हेच पुस्तक पुन्हा हवंय. आत्ताच नाव लावून ठेवा."

"पण बाई," अध्यक्ष पुढे होत म्हणाले, "तुम्हाला धीराचं माणूस लागत असेल तर दुसरं कोणीतरी देऊ. हे उगाच तिथे गोंधळ घालतात."

वाचनालयात हसू फुटलं. मी मान आणखी खाली घातली आणि मनात म्हटलं, पुस्तक बोलत नाही, पुस्तक बोलत नाही.

बाईंनी काळा चष्मा काढला. बऱ्या झालेल्या डोळ्याने त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हसू जागच्या जागी बंद पडलं. साहेबांचा हात बटणाकडे गेला.

"त्या दिवशी दवाखान्यात मी घाबरले होते," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "हात कापत होते माझे. तिथून पळून यायला निघाले होते. हा होता म्हणून कोणाला दिसलं नाही. याने ते चार दिवस पोटात ठेवलं आणि तुमचं हसणं ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यातही मी घाबरणार आहे. म्हणून मला हा हवाय. आणखी कोणाला काही विचारायचंय?"

कोणाला काही विचारायचं नव्हतं. ग्रंथपालांनी सवयीने 'शांतता राखा' या पाटीकडे बोट केलं, ते बोट कोणाला दाखवतोय हे लक्षात येताच झटकन खाली घेतलं, आणि शिक्का उचलला.

बाईंचा हात टेबलाच्या कडेवर होता आणि आत्ताही थोडा थरथरत होता. या वेळी त्यांनी तो पदराखाली घेतला नाही. मातीचे हात तसेच घेऊन बायको माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी दुसरं मनगट पुढे केलं.